रेवदंड्याच्या रेतीतला बांध

समुद्रावर माणसं फिरायला जातात, ही गोष्ट मला लग्नानंतर कळली. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, कारण माझं माहेर पेणच्या खारेपाटातलं. घराच्या ओट्यावरून खाडीचा वास यायचा. पण आमच्याकडं पाण्याकडं कुणी मजा करायला जात नसे. पाणी आपल्याकडं येऊ नये म्हणून जात. खाडीला हटवून केलेली जमीन ती, भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये मातीचा एक बांध. बांधाच्या अलीकडं आमचं भात आणि पलीकडं खाडी. उधाणाला बांधावर उभं राहिलं की एका बाजूला पाणी पायांशी आणि दुसऱ्या बाजूला भात पार खाली दिसायचं. तो बांध फुटून पाण्याला वाट मिळाली की त्याला खांड गेली म्हणायचं. लहानपणी मला भुताची भीती कुणी घातली नाही. खांडीची घालावी लागली नाही, ती होतीच.

आमच्या ह्यांचं गाव रोह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराकडं. भात निघालं की त्याच ओलीवर वाल टाकायचे आणि देवाचं नाव घ्यायचं, असली शेती. ह्यांच्या सात पिढ्यांत समुद्रानं कुणाचं काही घेतलेलं नाही, त्यामुळं समुद्र म्हणजे ह्यांना जत्रा. धाटावला कंपनीत नोकरी, शिफ्ट दर आठवड्याला वेगळी, सुट्टीचा वार कधी बुध तर कधी शुक्र. लग्न होऊन महिना नाही झाला तर एका सुट्टीला हे म्हणाले, "चल, रेवदंड्याला जाऊ." मला वाटलं कुणी नातेवाईक असेल.

एसटीतून उतरून सुरूच्या झाडांतून पुढं आलो आणि पाहते तर बायामाणसं, पोरंबाळं हसत हसत पाण्यात चाललेली! ह्या लोकांना कुणी काही सांगितलं नाही का, असंच माझ्या मनात आलं. हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पुढं झाले नि हात हलवून म्हणाले, "ये ना!"

"मी चपला बघते."

"अगं, चपला कोण नेतंय?"

"समुद्र," मी म्हणाले.

हे इतके हसले की ठसका लागला. मी मात्र जागची हलले नाही. पुढं दोन-तीन वर्षं आमच्या सहली अशाच झाल्या. हे पाण्यात आणि मी कोरड्या रेतीत चपलांची राखण करत. माझा स्वभाव तिखट, कुणी काही बोललं की उलट उत्तर तयार. तेव्हा ह्यांनीही नाद सोडला.

मग पोरगी झाली. ती दीड वर्षाची असताना ह्यांनी तिला बखोटीला मारलं नि सरळ पाण्यात. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ओरडणारच होते, पण पोरगी अशी खिदळली की उघडलेलं तोंड मी पदरानं झाकलं. लाट आली की टाळ्या, लाट गेली की रडं. त्या दिवशी मी एक ठरवलं. पोरीनं माझा रंग घेतलाय, माझं नाक घेतलंय, तोंड तर माझंच घेऊन आली आहे. पण पाण्याची भीती तिला द्यायची नाही. ती माझ्यापाशी संपली पाहिजे. नवस बोलावा तसं मी हे मनात बोलले आणि पाळलंही. लाट तिच्या अंगावर आली की मी पदराचं टोक मुठीत आवळून दात दाखवत उभी. हे विचारायचे, "काय गं, दाढ दुखतेय का?"

ह्यांची सुट्टी आणि पाकिटाची तब्येत दोन्ही जुळली की आमची सहल ठरायची. पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी, कांदा. रोह्याहून पहिली गाडी. चणेरा मागं टाकून साळावचा पूल आला की पोरगी सीटवर उभी राहायची. संध्याकाळी परतताना तिच्या केसांत रेती, कानात रेती, एसटीच्या सीटवर रेती नि कंडक्टरचा चेहरा आंबट. एकदाच आम्ही एका वाडीत खोली घेऊन मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी निघताना पोरगी हटून बसली, समुद्र घरी न्यायचा. शेवटी ह्यांनी एक बाटली भरून घेतली. ती बाटली रोह्याच्या खिडकीत महिनाभर उभी होती. पाणी शेवाळून वास मारायला लागलं तेव्हा मी ते मोरीत ओतलं, आणि घरात सुतक पडल्यासारखं पोरीनं दोन दिवस तोंड पाडलं.

इतकं तिचं नि समुद्राचं गूळपीठ. आणि मग माझा बाप आमच्याकडं राहायला आला.

आबा आला तो सुखानं नाही आला. पोरगी पाळण्यात होती त्या वर्षी आमच्या बांधाला खांड गेली आणि सगळं शेत खारं झालं. घरामागच्या तळ्यात वाढवलेले जिताडे मासे खाडीत निघून गेले. खारं पाणी एकदा आत शिरलं की जमीन वर्षानुवर्षं भात देत नाही. तिथं खाडीतली तिवरं उगवतात. आई आधीच गेलेली. भाऊ जोह्याला गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात, तिथंच राहायचा, तिथंच जेवायचा. आबा एकटा तीन वर्षं त्या तिवरांकडं बघत बसला. शेवटी मीच गेले, त्याचं गाठोडं बांधलं आणि म्हटलं, "चल."

आमच्या गावात बापाला 'तू'च म्हणतात. रोह्याला शेजारणींनी भुवया उंचावल्या, पण मी बदलले नाही.

लेकीच्या घरी राहणं त्याला जड गेलं. पहिला महिना तो खाटेवर बसलाच नाही, भिंतीला टेकून जमिनीवर. न सांगता लाकडं फोडून ठेवायचा. पाणी भरायचा. भाकर वाढली की म्हणायचा, "अर्धीच दे गो." हे कंपनीतून आले की उठून उभा राहायचा, जसा काही साहेब आलाय. ह्यांना कानकोंडं व्हायचं. ह्या सगळ्यात एकच माणूस त्याला परकं वाटायचं नाही, ते म्हणजे आमची पोरगी. चार वर्षांची ती, दुपारी त्याच्या मांडीवर चढायची आणि म्हणायची, "आबा, गोष्ट."

आबाला गोष्ट एकच येत होती, खांडीची.

ती शेतात खारं पाणी घेऊन आलेली खांड नव्हे. ती त्याच्या खूप आधीची, मी नऊ-दहा वर्षांची असतानाची. भाताची रोपं लावायची आवणी चालू होती, भर दुपार, उधाण चढलेलं. आबाला बांधावर पाणी पाझरताना दिसलं आणि त्यानं हाक दिली, "खांड गेली रेऽऽ!" ही हाक ऐकली की आमच्या गावात हातातलं टाकून धावायचं, असा रिवाजच होता. तव्यावरची भाकर तव्यावर. बाळंतीण सोडून सगळ्यांनी जायचं, पोरांनीसुद्धा. फट लहान असेल तर माणसं तिथं पाण्याकडं पाठ करून एकमेकांना खेटून बसायची, अंगानं पाणी अडवायची, आणि बाकीची हातोहात चिखलाचे गोळे आणून त्यांच्या पुढ्यात थापायची. माती वर आली की बसलेली उठायची. आबा हे सगळं हातवारे करून सांगायचा. पाण्याचा आवाज काढायचा. आणि मधेच माझ्याकडं बोट करायचा, "आनि सगल्यांच्या आधी कोन आली सांग? ही तुजी आयस. फ्रॉक चिखलानं भरलेला, हातात ह्यो एवढा गोला!"

मी स्वयंपाकघरातून ऐकत असायचे. मला गोड वाटायचं. बापाच्या तोंडून आपली शाबासकी कोणाला नको? आणि त्या गोड वाटण्यात पोरगी कशी गप्प होत चालली आहे, ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

ते कळलं पुढच्या सहलीला. साळावचा पूल आला, पोरगी सीटवर उभी राहिली नाही. रेवदंड्याला नेहमीसारखं ह्यांनी तिला उचललं नि पाण्याकडं निघाले. आणि पोरगीनं अशी किंकाळी फोडली! ह्यांचे केस दोन्ही मुठींत धरले, पाय वर ओढून घेतले, "खांड गेली! पप्पा, खांड गेली!" आसपासची माणसं बघायला लागली. हे परत फिरले, तिला माझ्याकडं दिलं, तर ती माझ्या मानेत तोंड खुपसून थरथरत होती. थरथरणं ओळखीचं होतं. माझंच होतं ते. इतकी वर्षं दात दाखवून जे लपवलं, ते तिला घरबसल्या मिळालं होतं.

भाकऱ्या तशाच परत आल्या.

घरी येताच मी आबावर तुटून पडले. "काय भरवलंस तिच्या डोक्यात? दुसरी गोष्ट नव्हती? कोल्ह्याची सांगायची, सशाची सांगायची!"

"मी खोटं सांगितलं का?" आबा शांतपणे म्हणाला.

"खरंच सांगितलंस, तोच तर त्रास आहे! चार वर्षांची पोर ती. जन्मभर आता पाणी बघून थरथरणार, माझ्यासारखी. मला नको होतं ते, आबा. एवढं एकच मला नको होतं."

आबानं माझ्याकडं पाहिलं. "तू थरथरतेस?"

त्याला हे ठाऊकच नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं मी अजून हातात गोळा घेऊन धावणारी होते. मी भांडी आपटली. आबा त्या रात्री जेवला नाही. ह्यांनी मला खुणावलं, जरा सबुरीनं घे. पण रागाला सबुरी असती तर तो राग कशाला म्हटला असता?

नंतरचे दिवस वाईट गेले. पोरगी आंघोळीला बसेना, बादली बघून पळायची. आणि एक दिवस संध्याकाळी बघते तर उंबऱ्यावर ओळीनं उशा मांडलेल्या, वर दोन गोधड्या, कडेला पोळपाट. "हे काय गं?" तर म्हणाली, "बांध." कंपनीतून येणारे हे त्या बांधापाशी थबकले. चपला हातात घेऊन बाहेरच उभे राहिले.

आबानं तो बांध पाहिला. मग पोरीपाशी उकिडवा बसला आणि गोधडीची घडी नीट करत म्हणाला, "असा नाय बांध घालत. पाया रुंद पायजे. मी शिकवीन तुला. खरा घालू." मग ह्यांना विचारलं, "तुमची सुट्टी कवा?"

"बुधवारी."

"वार नका सांगू. तिथ काय?"

कॅलेंडर काढलं. अमावास्येनंतरची दुसरी तिथी निघाली. आबानं बोटं मोजली, म्हणाला, "दुपारी भरती. बराय, जाऊया." मी आ वासून बघत राहिले. माझा बाप आणि सहलीला!

बुधवारी पहाटे आबा आंघोळ करून, टोपी घालून तयार. खांद्यावर फावडा, हातात दोन घमेली. हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "आबा, आपण सहलीला चाललोय, रोजगार हमीवर नाही."

"रिकाम्या हातानं बांधावर कोन जातो?" म्हणून तो चालू पडला.

एसटीत कंडक्टरनं विचारलंच, "बाबा, रस्ता खणायला चाललाय का?" आबानं फावडा पायांशी नीट ठेवला. पोरगी मात्र त्याच्या शेजारी घमेलं मांडीवर घेऊन शहाण्यासारखी बसली होती. तिला त्यानं समुद्र बघायला चल असं म्हटलंच नव्हतं. बांध घालायला चल म्हटलं होतं, आणि तेवढ्यावर ती आली होती. मी हळूच त्याला म्हटलं, "तिला सांग ना, भिऊ नको म्हणून." तर तो म्हणाला, "भिऊ नको सांगून कोन भ्यायचा थांबलाय गो? हाताला काम दे. काम असला की भ्यायला सवड नाय मिलत."

रेवदंड्याला पाणी लांब ओहोटीला गेलेलं. आबा प्रथमच त्या बाजूनं समुद्र बघत होता, पुढं बांध नसलेला. टोपी काढून पुन्हा घातली. मग रेती मुठीत घेऊन दाबली नि तोंड वाकडं केलं, "ह्यात काय दम नाय." वाड्यांकडून एक ओहोळ रेतीत उतरत होता, त्याच्या काठची माती काळी, चिकट. तिथं त्यानं फावडा टेकवला.

आणि मग तो माणूस बदलला. रोह्यात भिंतीला टेकून बसणारा, अर्धी भाकर मागणारा तो हा नव्हेच. रेतीत पायानं रेघ ओढली, पाया खणला, ह्यांना म्हणाला, "जावय, माती वढा." ह्यांनी आजवर सासऱ्याची आज्ञा ऐकली नव्हती, कारण सासऱ्यानं केलीच नव्हती. निमूट ओढायला लागले. पोरगी लहान लहान गोळे आणायची, आबा थापायचा नि म्हणायचा, "आन, अजून आन, ह्यो मुंगीचा गोला हाय." बघता बघता सहलीला आलेली इतर पोरं जमली, त्यांच्या मागून एकदोन बाप आले. आबा कुणाला नाव विचारत नव्हता. "तू तिकडून ने. ए टोपीवाल्या, थाप नीट मार." टोपीवाला कुठल्यातरी बँकेतला असावा, पण ऐकत होता. गुडघाभर उंच, पाचसहा पावलं लांब असा बांध उभा राहिला आणि त्याच्या आत कोरड्या रेतीचं आमचं शेत. पोरीनं त्यात सुरूच्या काड्या रोवून आवणी केली.

मी चपलांपाशी. माझी जागा ठरलेलीच.

दुपारी भरती चढली. पाणी आधी बोटभर आलं, बांधाला लागलं, मागं गेलं. पोरगी आबाचं धोतर धरून उभी राहिली. पाणी पुन्हा आलं, अर्ध्या बांधापर्यंत. तिचा चेहरा उतरायला लागला होता. मला वाटलं, झालं, आता किंकाळी. मी उठून उभी राहिले. तेवढ्यात एक मोठी लाट बांधाच्या कोपऱ्यावर आदळली, माती ढासळली आणि पाण्याची जीभ आत शिरली.

आबानं हाक दिली. "खांड गेली रेऽऽ खांऽड!"

सुरूच्या झाडांपर्यंत गेली असेल ती हाक. पन्नास वर्षं बांधावर राहिलेल्या माणसाचा आवाज तो, खेळातला नव्हे. आणि सगळी धावली. पोरं, बाप, टोपीवाला, भेळवाल्याकडं उभ्या असलेल्या दोन अनोळखी बायकासुद्धा, काय झालं म्हणून. सगळे हातात सापडेल ती रेती घेऊन. मीही धावले. कधी धावले, वाटेत ओला गोळा कधी उचलला, मला ठाऊक नाही. साडीचा ओचा न खोचता मी सरळ बांधाच्या समुद्राकडच्या बाजूला गेले, पाणी गुडघ्यांपर्यंत, आणि चिखल थापायला लागले. बांधाच्या कडेनं चढलेल्या भरतीनं आमच्या चपला, भाकऱ्यांचं गाठोडं सगळं उचललं, तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

आणि पोरगी? पोरगीनं आबाचं धोतर सोडलं. फटीपाशी गेली, समुद्राकडं पाठ केली नि धप्पकन खांडीत बसली. पुढची लाट तिच्या पाठीवर फुटली, डोक्यावरून गेली. मी हातातला गोळा टाकला. पाणी ओसरलं तर पोरगी तिथंच, केस तोंडावर, नाकातून पाणी, आणि ओरडतेय, "आबा, माती आणा! लवकर आणा ना! मी बसलेय!"

रागावून ओरडत होती हो, भिऊन नाही. मी तिथं पाण्यात उभी राहून हसले आणि रडले, दोन्ही एकदम. ह्यांनी दोन घमेली ओतली, टोपीवाल्यानं एक. दोन लाटा बांध टिकला. मग समुद्रानं तो सावकाश, काहीच न घडल्यासारखा नेला, आणि पोरांनी बांधासोबत स्वतःलाही पाण्यात लोटून दिलं. आमची पोरगी त्यांच्यात सगळ्यांत पुढं.

आबा मात्र हाक दिल्यापासून जागचा हलला नव्हता. फावडा हातात तसाच. धावत आलेल्या माणसांकडं एकेकाकडं बघत होता. मला वाटलं दमला. मी हात धरून त्याला ओल्या रेतीत बसवलं. पाणी आमच्या पायांवरून येत-जात होतं. थोड्या वेळानं पोरगी निथळत आली नि त्याच्या मांडीवर बसली. तिच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं.

"आबा, एवढी सगळी माणसं खांडीत बसली, तर आपलं शेत गेलं कसं?"

"ती खांड येगली गो," आबा म्हणाला. "गोष्टीतली ती आपन बांधली. शेत गेला तो मागल्या खांडीत."

"मग मागल्या खांडीत कोण बसलं?"

"कोन नाय आला."

मी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. त्या खांडीबद्दल मी त्याला पूर्वी विचारलं होतं, तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, मोठी होती. मीही तेवढंच धरून चालले होते, की गाव लढलं आणि हरलं.

"पोरं कंपनीत गेलेली. नागोठन्याला, कुनी जोह्याला कारखान्यात. घरात सगली म्हातारी. खांड केवढी होती? आता बसलीस ना तू, तेवढी. दोन मानसं पुरली असती." तो पाण्याकडं बघत बोलत होता, मोजून मापून, जसं काही दुसऱ्या कुणाचं सांगतोय. "मी बसलो. पन बसल्यावर माती कोन आननार?"

"तू हाक नाही मारलीस?" पोरीनं विचारलं.

"मारली की."

"कुणाला?"

आबानं फावड्याची माती बोटानं खरवडली. मग म्हणाला, "पयली ह्या तुज्या आयशीला. सवय गो. तोंडात तिचाच नाव आला."

"मोठ्यानं मारायची ना मग," पोरगी म्हणाली.

"मोठ्यानंच मारली."

पोरीला उत्तर मिळालं. ती उठून परत पाण्यात पळाली. हे तिच्या मागं गेले. मी तिथंच बसून राहिले, पाणी कमरेपर्यंत आलं तरी. आबा म्हणाला, "उठ गो, भिजशील," आणि मला उठवायला त्यानं हात पुढं केला, तो मी धरला नि सोडला नाही.

कुठं ते गाव आणि कुठं रोहा. हाक ऐकू येणारच नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी अजून कधी दुपारी हातातलं काम सुटतं आणि मी आठवायला बसते, की मागल्या खांडीच्या दिवशी, त्या वेळी मी काय करत होते. ह्यांची सेकंड शिफ्ट असणार, पोरगी पाळण्यात. भांडी झाली असतील. बहुतेक पाळण्याची दोरी हातात धरून मी झोपले असेन.